मालाच्या बदल्यात माल: काउंटरट्रेड कसा चालतो आणि कुठे अडतो

५ मे २०२३. गोव्यात बाणावलीला शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक होती. ती आटोपल्यावर रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव यांनी पत्रकारांना सांगितलं, की भारतातल्या बँकांत रशियाचे अब्जावधी रुपये साठले आहेत. ते वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलून घ्यावे लागतील आणि त्यावर बोलणी चालू आहेत.

तेल विकलं, पैसे मिळाले, तरी ते वापरता येईनात. २०२२-२३ या आर्थिक वर्षात भारतानं रशियाकडून सुमारे ४६ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि रशियाला विकला जेमतेम ३ अब्ज डॉलरचा. यातला सगळा व्यवहार रुपयांत झाला नव्हता. पण जेवढा झाला, तेवढ्या रुपयांचं करायचं काय हा प्रश्न होताच. भारताबाहेर रुपया फारसा कुणी स्वीकारत नाही. रुपये खर्च करायचे तर भारतातूनच काहीतरी घ्यायला हवं, आणि तेवढ्या रकमेचं घेण्यासारखं रशियाला काही सापडत नव्हतं.

परदेशी व्यापारात विकणाऱ्याला किंमत डॉलर-युरोसारख्या कुठेही चालणाऱ्या चलनात न मिळता, ती सगळी किंवा तिचा काही भाग माल, सेवा किंवा उलट खरेदीच्या रूपात वळता होतो, तेव्हा त्या व्यवहाराला काउंटरट्रेड म्हणतात. व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत त्याचे पाच-सहा प्रकार व्याख्यांसह दिलेले असतात आणि विद्यार्थी ते परीक्षेपुरते पाठ करतात. मला वाटतं, एकच प्रश्न धरून ठेवला तर पाठांतराची गरज पडत नाही. गिऱ्हाईक शोधायचं काम कुणाच्या गळ्यात पडलं, हा तो प्रश्न. एरवी चहा विकणारा चहाचं गिऱ्हाईक शोधतो आणि यंत्र विकणारा यंत्राचं. काउंटरट्रेडमध्ये यंत्र विकणाऱ्यालाच चहाचंही गिऱ्हाईक शोधावं लागतं. डॉलर नसलेल्या देशाची अडचण अशी दुसऱ्याच्या अंगावर जाते आणि ती अंगावर घेणारा त्याची किंमत लावतो.

ज्या व्यवहारात दोघांनाही समोरच्याचा माल खरोखर हवा असतो, तिथे हे ओझं जवळपास राहतच नाही. याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण आपल्या शेजारचं आहे. १९५२ साली सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, दोन्ही बाजूंनी अडचणीत आली होती. लोकांना खायला तांदूळ बाहेरून आणावा लागे आणि तो महाग झाला होता. देशाच्या कमाईचा मोठा आधार असलेल्या रबराचे भाव मात्र कोरियन युद्धाच्या सुरुवातीची तेजी ओसरल्यावर कोसळले होते. तिकडे कम्युनिस्ट चीनला रबर हवं होतं. पण संयुक्त राष्ट्रांनी १९५१ मध्ये चीनला युद्धोपयोगी माल पुरवण्यावर निर्बंध घातल्यामुळे ते मिळणं कठीण झालं होतं. सिलोन तेव्हा संयुक्त राष्ट्रांचा सदस्यही नव्हता, तो १९५५ मध्ये झाला. व्यापारमंत्री आर. जी. सेनानायके यांच्या पुढाकारानं १९५२ च्या अखेरीस चीनशी पाच वर्षांचा करार झाला. दरवर्षी चीननं २ लाख ७० हजार टन तांदूळ द्यायचा आणि सिलोननं ५० हजार टन रबर. चीननं रबराला जागतिक बाजारापेक्षा चढा भाव दिला.

अमेरिका नाराज झाली आणि तिनं सिलोनची मदत रोखली. तरीही करार टिकला, पुन्हा पुन्हा वाढवला गेला आणि त्याची परंपरा जवळपास तीस वर्षं चालली. टिकण्याचं कारण साधं होतं. आलेला तांदूळ कोलंबोत रेशनवर खपत होता आणि गेलेलं रबर चिनी कारखान्यांत वापरलं जात होतं. दोघांपैकी कुणालाही मिळालेला माल तिसऱ्याच्या दारात नेऊन विकावा लागत नव्हता. याच श्रीलंकेनं डिसेंबर २०२१ मध्ये इराणच्या जुन्या तेलापोटी थकलेले सुमारे २५ कोटी डॉलर चहानं फेडायचं ठरवलं, महिन्याला ५० लाख डॉलरचा चहा पाठवून. इराणी माणूस सिलोनचा चहा आवडीनं पितो, म्हणून हा मार्ग सुचला आणि पटलाही.

आता पेप्सीची गोष्ट. समाजमाध्यमांवर ती फार फिरते आणि बहुतेक वेळा चुकीची फिरते. १९५९ मध्ये मॉस्कोच्या अमेरिकी प्रदर्शनात सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव यांनी पेप्सी चाखली, शेजारी अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन उभे होते. हा योग पेप्सीचे अधिकारी डोनाल्ड केंडल यांनी जुळवून आणला होता. प्रत्यक्ष सौद्याला १९७२ उजाडलं. सोव्हिएत रूबल देशाबाहेर चालत नव्हता आणि सरकार जवळचे डॉलर शीतपेयावर खर्च करायला तयार नव्हतं. मग ठरलं असं, की पेप्सीनं आपला अर्क सोव्हिएत संघाला द्यायचा आणि त्याबदल्यात स्टोलिच्नाया व्होडका अमेरिकेत विकण्याचा हक्क घ्यायचा. जितकी व्होडका अमेरिकेत खपेल, तितक्या किमतीचा अर्क तिकडे जाईल.

केंडल यांनी इथे गिऱ्हाईक शोधायचं काम उघड्या डोळ्यांनी अंगावर घेतलं होतं. बाटल्या वितरकांपर्यंत पोचवणं आणि जाहिराती करणं अमेरिकी कंपनीला चांगलं जमत होतं, त्यामुळे बरीच वर्षं हे सुरळीत चाललं. पण अडकवलेल्या व्यवहारात एका टोकाचा धक्का दुसऱ्या टोकाला बसतोच. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या, १९८३ मध्ये दक्षिण कोरियाचं प्रवासी विमान सोव्हिएत सैन्यानं पाडलं, तेव्हा संतापलेल्या अमेरिकी लोकांनी रशियन व्होडकावर बहिष्कार घातला. व्होडका अडली की पेप्सीचं गणितही अडायचं.

१९८९ पर्यंत रशियात पेप्सीचा खप इतका वाढला होता, की नुसती व्होडका पुरेना. त्या वर्षीच्या व्यवहारात १७ जुन्या पाणबुड्या, एक क्रूझर, एक फ्रिगेट आणि एक विनाशिका आली. ‘पेप्सीकडे जगातलं सहावं मोठं नौदल होतं’ हे वाक्य याच व्यवहारावरून निघालं. प्रत्यक्षात ती गंजकी जहाजं थेट भंगारात गेली, लढण्याच्या लायकीचं त्यांत काही नव्हतं. मला या प्रसंगात वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. शीतपेय विकणाऱ्या कंपनीला आता भंगाराचं गिऱ्हाईक शोधावं लागत होतं. पुढच्या वर्षी ३ अब्ज डॉलरहून मोठा नवा करार झाला. त्यात व्होडकाबरोबर नवी कोरी मालवाहू जहाजंही होती. १९९१ मध्ये सोव्हिएत संघच विसर्जित झाला. जहाजं बांधणारे कारखाने युक्रेनमध्ये, व्होडका रशियात आणि ज्यानं सही केली ते सरकार कुठेच नाही, अशी स्थिती झाली. ठरलेला माल वर्षानुवर्षं हप्त्याहप्त्यानं यायचा असेल, तर समोरचं राज्य तेवढी वर्षं टिकेल हेही तुम्ही गृहीत धरलेलं असतं.

पेप्सीसारखा थेट अदलाबदलीचा सौदा तसा विरळाच. उलट खरेदीचा प्रकार जास्त चालतो. समजा, पुण्याजवळच्या एका कंपनीनं परदेशी सरकारला १० कोटींची यंत्रं विकली. पैसे चलनातच मिळतील, पण अट अशी की पुढच्या तीन वर्षांत कंपनीनं त्या देशातून ६ कोटींचा माल उचलायचा. इथे जाणकार नेहमी दोन वेगळे करार करतात. एक यंत्रांच्या विक्रीचा, दुसरा माल उचलण्याचा, आणि दोघांना जोडणारा एक छोटा करारनामा. करार वेगळे ठेवायचं कारण बँक. यंत्रांच्या बिलावर बँक कर्ज देते, निर्यात विमा मिळतो. पण ‘तिकडून येणारी काजू चांगली निघाली तरच हे बिल फिटेल’ असं त्यात लिहिलेलं असेल, तर कुठलीही बँक मागे सरकेल.

यंत्रांच्या कंपनीला काजूतलं काय कळणार? म्हणून ती एखाद्या व्यापारी पेढीला गाठते आणि सांगते, हा माल माझ्या वतीनं तुम्ही उचला. पेढी फुकट उचलत नाही. कच्चा, सहज खपणारा माल असेल तर थोडक्यात भागतं, पण कुणी न विचारणारा तयार माल असेल तर पेढी मालाच्या किमतीच्या दहा-वीस टक्केही मागू शकते. युरोपात या भरपाईला ‘डिसाजियो’ म्हणतात. अनुभवी कंपनी ती रक्कम आधीच यंत्रांच्या किमतीत मिसळून ठेवते. शेवटी भुर्दंड कुणावर पडतो? ज्या देशानं ‘आमचा माल घ्या’ अशी अट घातली, त्याच्यावरच. डॉलर वाचले असं त्याला वाटतं, पण यंत्रं महाग पडलेली असतात. परकीय चलन अगदीच नसेल तर हे महाग पडणंही परवडतं. चलन असूनही निव्वळ धोरण म्हणून अशा अटी घालणं मात्र मला चुकीचं वाटतं.

कारखाना उभारून देऊन त्याच कारखान्याचं उत्पादन मोबदल्यात घेणं, हा आणखी एक मार्ग. १९७३ मध्ये अमेरिकी उद्योगपती आर्मंड हॅमर यांच्या ऑक्सिडेंटल पेट्रोलियमनं सोव्हिएत संघाशी खतांचा २० वर्षांचा प्रचंड करार केला. अमेरिकेतून सुपरफॉस्फोरिक आम्ल जायचं, तिकडून अमोनिया, युरिया आणि पोटॅश यायचं. या पद्धतीचा एक गुण मला खरोखर मोलाचा वाटतो. उत्पादन स्वतःलाच घ्यायचं असल्यामुळे कारखाना नीट चालावा ही पुरवठादाराची स्वतःची गरज बनते. दोष असा, की तो माल जिथे उतरतो तिथले स्थानिक उत्पादक चिडतात. स्वस्त सोव्हिएत अमोनियाविरुद्ध अमेरिकी उत्पादकांनी तक्रार केली आणि अफगाणिस्तानच्या प्रकरणानंतर, १९८० मध्ये, त्या आयातीवर मर्यादा आली.

भारताला या सगळ्यात सर्वांत जवळचा प्रकार हिशेबखात्याचा. किराणा दुकानातली उधारीची वही आठवा. रोज पैसे मोजायचे नाहीत, दोन्ही बाजूंचं लिहून ठेवायचं आणि ठरलेल्या मुदतीला जमा-नावे करून फक्त फरक पाहायचा. १९३४ नंतर जर्मनीनं अर्थमंत्री याल्मार शाख्ट यांच्या योजनेखाली असे करार अनेक देशांशी केले. भारत आणि सोव्हिएत संघाचा पहिला व्यापार करार १९५३ चा. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून हा व्यापार रुपयांतच होऊ लागला. तिकडून पोलाद कारखान्यांची यंत्रसामग्री, तेल, शस्त्रं आली. इकडून चहा, कातडं, औषधं, कापड, साबण असा माल गेला. भिलईचा कारखाना आणि नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचं उत्पादन, यांच्यामागे हीच व्यवस्था उभी होती. डॉलरचा दुष्काळ असलेल्या देशाला अशी खरेदी दुसऱ्या कुठल्या मार्गानं जमली असती असं मला वाटत नाही.

तिचे तोटेही तितकेच खरे होते. सोव्हिएत खरेदी सरकारी असल्यामुळे मालाच्या दर्जाबद्दल बाजारासारखी घासाघीस व्हायची नाही, आणि त्या एका गिऱ्हाइकावर विसंबलेल्या आपल्या अनेक उत्पादकांना १९९१ नंतर अचानक नवा बाजार शोधावा लागला. दुसरं दुखणं विनिमयदराचं. दोन्ही चलनं बाजारात ठरत नसल्यामुळे रूबल किती रुपयांचा, हे वाटाघाटींनी ठरायचं. १९७८ च्या करारानं एक सूत्र बसवलं, पण संघ कोसळल्यावर रूबल मातीमोल झाला आणि भारतानं फेडायचं जुनं सोव्हिएत कर्ज कुठल्या दरानं मोजायचं यावर वाद पेटला. जानेवारी १९९३ मध्ये अध्यक्ष बोरिस येल्त्सिन दिल्लीत आले तेव्हा तोडगा निघाला. ६३ टक्के रक्कम १२ वर्षांत २.४ टक्के व्याजानं, आणि उरलेली ३७ टक्के ४५ वर्षांत बिनव्याजी फेडायची. तीही रुपयांतच, आणि त्या रुपयांतून रशियानं भारतीय माल घ्यायचा.

हिशेबखात्यात एका बाजूची शिल्लक फुगली, की ती तिसऱ्याला सवलतीत विकायची वाटही असते. तिला स्विच व्यापार म्हणतात. शीतयुद्धाच्या काळात व्हिएन्ना हे त्याचं मोठं केंद्र होतं.

इराणचा अनुभव जास्त ताजा आहे. निर्बंधांमुळे तेलाचे पैसे देणं अवघड झालं, तेव्हा २०१२ पासून भारतानं ४५ टक्के रक्कम रुपयांत, युको बँकेतल्या खात्यात भरायला सुरुवात केली. अमेरिकेशी फारसा व्यवहार नसलेली बँक म्हणून युकोची निवड झाली. त्या रुपयांतून इराणनं बासमती, चहा, औषधं घेतली. इराणी ताटात बासमती लागतोच, त्यामुळे रुपये पडून राहिले नाहीत. मे २०१९ मध्ये भारतानं इराणी तेल घेणं थांबवलं आणि खात्यात नवे रुपये येणं बंद झालं. फटका तेल कंपन्यांना बसला नाही, त्यांनी दुसरीकडून तेल घेतलं. तो बसला बासमती आणि चहाच्या निर्यातदारांना. त्यांचं गिऱ्हाईक होतं, गिऱ्हाइकाला मालही हवा होता, पण त्याच्या खिशात रुपये उरले नव्हते.

जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं परदेशी बँकांना विशेष रुपया खाती उघडायची मुभा दिली. रशियाशी व्यवहार त्यातूनच वाढवायचा विचार होता. सोव्हिएत काळात आयात-निर्यात दरवर्षी सरकारी बैठकीत जुळवली जायची, आज तेल खासगी आणि सरकारी कंपन्या भाव पाहून घेतात आणि निर्यात कुणी जुळवत नाही. खातं एका बाजूला कलणार हे उघड होतं.

शेवटचा प्रकार ऑफसेटचा. सरकार मोठी खरेदी, विशेषतः शस्त्रं आणि विमानं, करताना विक्रेत्याला सांगतं, की किमतीचा अमुक हिस्सा आमच्या देशात गुंतवा किंवा इथून सुटे भाग घ्या. भारतानं संरक्षण खरेदीत ही अट २००५ मध्ये आणली. ३०० कोटींवरच्या खरेदीत किमान ३० टक्के. पुढे, २०१६ मध्ये, ही मर्यादा २,००० कोटींवर गेली. महाराष्ट्रात हे पाहायचं तर नागपूरच्या मिहानला जावं. एअर इंडियानं बोइंगकडून ६८ विमानं मागवली, त्या सौद्याचा भाग म्हणून बोइंगनं तिथे विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचं केंद्र उभारून दिलं. ते २०१५ मध्ये सुरू झालं. सप्टेंबर २०१६ मध्ये ३६ राफेल विमानांचा सुमारे ७.८७ अब्ज युरोंचा करार झाला, त्यात ऑफसेटचं प्रमाण ५० टक्के होतं. फाल्कन विमानांचे भाग बनवणारा, राफेल बनवणाऱ्या दसॉ कंपनीचा संयुक्त प्रकल्प मिहानमध्येच आला.

विदर्भातल्या मुलांना विमान उद्योगात काम मिळालं, याचं मोल मी कमी लेखत नाही. पण एकूण चित्र निराश करणारं आहे. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगच्या सप्टेंबर २०२० च्या अहवालानुसार २००५ ते मार्च २०१८ या काळात ६६,४२७ कोटी रुपयांचे ४६ ऑफसेट करार झाले. डिसेंबर २०१८ पर्यंत त्यांतले १९,२२३ कोटी पूर्ण व्हायला हवे होते. विक्रेत्यांनी पूर्ण केल्याचा दावा केला ११,३९६ कोटींचा, आणि मंत्रालयानं त्यातले मान्य केले ५,४५७ कोटी. विमानं येऊन उडू लागतात, त्यांच्यासोबत कबूल केलेलं तंत्रज्ञान मागे राहतं.

असं का होतं? मालाच्या बदल्यात माल येतो तेव्हा तो दिसतो, मोजता येतो. ऑफसेटमध्ये मोजायचं असतं प्रशिक्षण, गुंतवणूक, तंत्रज्ञान, आणि त्यांना बाजारभाव नसतो. विक्रेता एक आकडा लावतो, अधिकारी दुसरा, आणि वाद वर्षानुवर्षं चालतो. २०२० च्या नव्या नियमावलीत सरकारनं दोन सरकारांमधल्या आणि एकाच विक्रेत्याकडून होणाऱ्या खरेदीतून ऑफसेटची अट काढली. या अटीमुळे खर्च वाढतो, असं कारण तेव्हा मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांनी दिलं. यंत्रांच्या किमतीत मिसळलेल्या डिसाजियोसारखंच ते आहे, फक्त आकडे अब्जांतले.

लहान निर्यातदारांसाठी थोडं कामाचं. आफ्रिकेतलं किंवा मध्य आशियातलं गिऱ्हाईक ‘डॉलर नाहीत, माल घ्या’ म्हणालं, तर लगेच नाही म्हणू नका, पण आधी आपल्या बँकेत जा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत अशा व्यवहारांसाठी भारतात डॉलरचं एस्क्रो खातं, म्हणजे ठरलेल्या व्यवहारापुरते पैसे बँकेनं राखून ठेवायचं खातं, उघडायची तरतूद आहे, आणि आयात-निर्यात दोन्ही आंतरराष्ट्रीय भावानंच दाखवावी लागते. आपसांत भाव ठरवून कागद जुळवले तर अडकाल. येणाऱ्या मालाचं गिऱ्हाईक सही करण्याआधी शोधा आणि त्याच्याकडून लेखी किंमत घ्या. दर्जा तपासणारी संस्था आणि तपासणीचं बंदर करारात नावानिशी लिहा. उलट खरेदी असेल तर माल कुठल्या यादीतून निवडायचा ते नीट वाचा, कारण सही होते त्या दिवशी यादी लांबलचक असते आणि माल उचलायच्या वेळी चांगल्या वस्तू ‘संपलेल्या’ असतात. आणि दंडाचं कलम बघा: ठरलेला माल तुम्ही उचलला नाही तर किती टक्के भरायचे, आणि तेवढे भरल्यावर तुमची जबाबदारी संपते की माल उचलणं तरीही बाकी राहतं, हे तिथे स्पष्ट शब्दांत लिहिलेलं असलं पाहिजे.